गार्सँ पळाला की निघून गेला?

एका नाटककाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन अंकी नाटकाचा पहिला खर्डा तयार आहे. नायक कारखान्यात सुपरवायझर. बॉयलरच्या अपघातात एक कामगार दगावतो, आणि कोर्टात साक्ष द्यायच्या आदल्या रात्री नायक एसटी पकडून गावी निघून जातो. पहिल्याच प्रवेशात त्याची आई सांगून टाकते की हा लहानपणापासून असाच, विहिरीत उडी मारायलासुद्धा घाबरायचा. हा दोष त्याला आतून पोखरत जातो आणि शेवटी तो गळफास घेतो. वाचनाला बसलेल्यांचं म्हणणं पडलं, "कीव येते, पण नाटक घडत नाही." तर अस्तित्ववादी नाटकात भ्याडपणा हा नायकाचा घातक दोष म्हणून उभा कसा करतात?

घोटाळा "लहानपणापासून असाच" या दोन शब्दांत आहे. ते संवादातून खोडले तरी भागणार नाही, कारण सगळी रचनाच त्यांच्यावर बेतलेली आहे.

घातक दोष ही कल्पना मुळात शोकांतिकेच्या चर्चेतली. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात वापरलेला शब्द हमार्तिया. त्याचा अर्थ चूक, नेम हुकणं. 'स्वभावातलं वैगुण्य' हा अर्थ त्याला पुढच्या टीकाकारांनी चिकटवला आणि क्रमिक पुस्तकांनी पक्का केला. या दुसऱ्या अर्थात आधी माणूस तयार असतो, त्याच्या पोटात दोष असतो, आणि दोषातून कृती बाहेर पडते. अस्तित्ववादी फ्रेंच तत्त्वज्ञ आणि नाटककार सार्त्रने नेमका हा क्रम उलटा केला. 29 ऑक्टोबर 1945 रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात (ते 1946 मध्ये 'अस्तित्ववाद हा मानवतावाद आहे' अशा अर्थाच्या नावाने पुस्तक म्हणून आलं) त्याने भ्याड माणसाचंच उदाहरण घेतलं. भ्याडाचं काळीज, फुप्फुस, मेंदू असं काही भ्याड नसतं. कुणाचा पिंड हळवा असतो, कुणाचं रक्त पातळ असतं, पण तेवढ्याने कुणी भ्याड ठरत नाही. माघार घेण्याची, सोडून देण्याची कृती त्याला भ्याड ठरवते. त्यावर त्याने एक बोचरी पुस्तीही जोडली आहे: लोकांना जन्मजात भ्याडच हवे असतात, कारण जन्माने भ्याड असलेला माणूस अगदी निवांत असतो, त्याला कुणी बोल लावू शकत नाही.

तुमच्या पहिल्या प्रवेशात आई नेमकं हेच करते. ती मुलाला निवांत करून टाकते, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकालाही.

आणखी एक अडचण आहे. स्वभावाने भित्रा असलेला माणूस ही रंगभूमीवर फार जुनी आणि मुख्यतः विनोदी जागा आहे. विराटपर्वातला राजपुत्र उत्तर आठवा. अंतःपुरात बढाया मारून निघतो, कौरवसेना दिसताच रथातून उडी टाकून पळत सुटतो, आणि बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्याला धरून परत आणतो. ऐकणारा हसतो, कारण उत्तर काय ठरवणार याबद्दल काही शंकाच नसते. संस्कृत नाटकातला विदूषक, रोमन नाटककार प्लॉटसचा फुशारक्या मारणारा सैनिक, शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ ही सगळी याच घरातली मंडळी. तुमच्या वाचनात लोकांना जी कीव आली, ती या विनोदातून हसू काढून घेतल्यावर उरलेला गाळ आहे. गंभीर प्रकाशयोजनेने ती शोकांतिका होत नाही.

आता ज्या नाटकात हे काम नीट जमलं आहे ते उघडून पाहू. सार्त्रचं 'उई क्लो', आपल्याकडे 'नो एग्झिट' या इंग्रजी नावाने जास्त माहीत असलेलं. 27 मे 1944 रोजी पॅरिसच्या व्ह्यू-कोलोंबिए थिएटरात ते पहिल्यांदा झालं. शहर तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं, आणि नॉर्मंडीत दोस्त सैन्य उतरायला दहा दिवस होते. दिग्दर्शक रेमों रुलो, नायक गार्सँच्या भूमिकेत मिशेल व्हितोल्ड. आधी ही भूमिका आणि दिग्दर्शन दोन्ही लेखक काम्यूकडे होतं, पुढे तो बाजूला झाला. नाटकाचं नाव कोर्टातलं आहे: दरवाजे बंद करून चालणारी सुनावणी, आपली वर्तमानपत्रं जिला 'इन कॅमेरा' म्हणतात ती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. त्या रात्री प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाकडे चार वर्षांचा स्वतःचा एक हिशेब होता: कधी गप्प बसलो, कधी सही केली, कधी गल्ली बदलली. गार्सँचा प्रश्न त्यांना समजावून सांगावा लागला नसणार.

प्रसंग असा: तीन मेलेली माणसं नरकातल्या एका खोलीत. गार्सँ हा रिओतला पत्रकार, इनेस टपाल खात्यातली कर्मचारी, एस्तेल श्रीमंत घरातली बाई. खोलीत तीन कोच, शेकोटीवरच्या फळीवर एक ब्राँझचा पुतळा, पानं फाडायची एक सुरी. आरसा नाही, खिडकी नाही, दिवा कधी विझत नाही, पापणी लवत नाही. घंटी आहे, पण तिचा भरवसा नाही. नाटक एका अंकाचं, पाच प्रवेशांचं. पहिले चार छोटे, पाचवा बाकी सगळं गिळून बसलेला.

गार्सँच्या भ्याडपणाची पहिली खूण कुठे येते ते पाहा. दुसऱ्या प्रवेशात तो एकटा आहे. घंटी दाबतो, वाजत नाही. दरवाजा ओढतो, उघडत नाही. मुठी आपटतो, हाका मारतो. मग एकाएकी शांत होऊन बसतो, आणि त्याच क्षणी दरवाजा उघडून इनेस आत येते. ती त्याला छळ करणारा नरकसेवक समजते. का, असं विचारल्यावर सांगते की अशा माणसांच्या चेहऱ्यावर भीती असते. गार्सँ हसून उडवून लावतो. ती म्हणते, मला माहीत आहे, मी आरशात पाहिलंय. इथे 'हा भित्रा आहे' असं कुणी म्हणालं नाही. एका बाईने चेहरा वाचला, तोही चुकीच्या संदर्भात, आणि त्या चुकीत खरं निघालं. थोड्या वेळाने ती त्याला तोंड वेडंवाकडं करणं थांबवायला सांगते. त्याचे ओठ सतत हलत असतात आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो. भीतीचा शारीरिक पुरावा एवढाच. हात थरथरत नाहीत, घाम फुटत नाही. अवघी भूमिका ओठांच्या एका खोडीवर पेललेली आहे, आणि खोलीत आरसा नसल्यामुळे ती त्याला स्वतःला कधी दिसणार नाही.

खरं काम तपशिलाच्या उकलीत आहे. गार्सँ स्वतःची गोष्ट तीनदा सांगतो, आणि दर वेळी ती वेगळी असते.

पहिल्यांदा तो एस्तेलला सांगतो: मी शांततावादी वर्तमानपत्र चालवत होतो. युद्ध सुरू झालं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर: हा धजेल का? मी धजलो. हाताची घडी घातली, त्यांनी मला गोळ्या घातल्या. यात माझं काय चुकलं? हे ऐकताना प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो, आणि असायलाच हवा. यातला शब्दन् शब्द जवळपास खरा आहे. फक्त मधली एक रेल्वेगाडी गायब आहे.

दुसऱ्यांदा, इनेसने सगळ्यांना कोपऱ्यात गाठल्यावर, तो बायकोच्या छळाची कबुली देतो. रात्री दारू पिऊन, बायकांकडून घरी यायचो. एका बाईला घरातच आणून ठेवली. बायको सकाळी आम्हा दोघांना अंथरुणात कॉफी आणून द्यायची. ती मला फार मानायची, म्हणून. हे तो न अडखळता सांगतो, जवळजवळ ताठ मानेने. माझ्या मते नाटकातली सर्वांत हुशार जागा ही आहे. प्रेक्षकाला वाटतं, आता याचं पाप बाहेर आलं. प्रत्यक्षात त्याने मोठं पाप पुढे करून लहान पाप झाकलेलं आहे. छळणारा म्हणून तो निदान खंबीर ठरतो, 'मर्द' ठरतो. ज्या गोष्टीने तो हलका ठरेल ती अजून पोटातच आहे.

तिसऱ्यांदा गाडी येते. बातमीदारांच्या खोलीत जुना सहकारी गोमेझ त्याच्याविषयी काय बोलतोय ते त्याला पृथ्वीवरून ऐकू येतं, आणि मग तो सांगतो: मी गाडी पकडली. सरहद्दीवर पकडलो गेलो. कुठे निघाला होतास? मेक्सिकोला, तिथे शांततावादी वर्तमानपत्र काढणार होतो. आता मघाचंच वाक्य पुन्हा तपासावं लागतं. तो पळाला, की काम चालू ठेवायला निघून गेला? त्याला स्वतःलाच ठाऊक नाही, आणि हे नाटक उभं राहिलंय ते या न ठाऊक असण्यावर. कोठडीत खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत त्याने स्वतःची उलटतपासणी घेतली. मग ठरवलं की मरणच निकाल देईल: ताठ मेलो तर भ्याड नव्हतो. इनेस विचारते, मग मेलास कसा? तो म्हणतो, वाईट. लगेच पुढे सारवासारव: नुसतं शरीर ढेपाळलं, त्याची मला लाज नाही.

हिशेब असा: पहिली हकिगत खरी पण अपुरी, दुसरी खरी पण दिशाभूल करणारी, तिसरी पूर्ण पण अनिर्णित. तुमच्या साठ पानांच्या संहितेत या तीन जागा ढोबळमानाने पंधराव्या, तिसाव्या आणि चाळिसाव्या पानाच्या आसपास याव्यात. तिसरी फार उशिरा आली तर ती नुसता गौप्यस्फोट ठरते आणि तिचं काय करायचं याला जागाच उरत नाही. 'उई क्लो'मध्ये गाडीचा उलगडा झाल्यावरही सगळं महत्त्वाचं घडायचं बाकी असतं.

ते असं घडतं. गार्सँ एस्तेलला म्हणतो, एका जिवाने जरी मनापासून मानलं की मी पळालो नाही, तर मी सुटलो. एस्तेल लगेच मानते. ती काहीही मानेल. तिला पुरुषाची मिठी हवी आहे, त्याचा भ्याडपणा तिच्या खिजगणतीत नाही. इतकी स्वस्त सुटका त्याच्या घशाखाली उतरत नाही. निकाल हवा इनेसकडून, कारण भीती, लाज, दुष्टपणा म्हणजे काय हे ती आतून ओळखते, आणि त्याला सोडून देण्यात तिचा काही फायदा नाही. ज्याचं प्रमाणपत्र मोलाचं तो ते देणार नाही, आणि देणाऱ्याच्या प्रमाणपत्राला किंमत नाही. नवशिक्या नाटककारांच्या संहितांत इथे बहुतेक वेळा एकच प्रेमळ पात्र दोन्ही कामं करतं, आणि ताण तिथेच सुटतो.

एस्तेलला झिडकारून गार्सँ दरवाज्याकडे धावतो. मुठी आपटत ओरडतो: चिमटे, वितळलेलं शिसं, काय हवं ते चालेल, पण हे नको. आणि दरवाजा धाडकन उघडतो. तो पडता पडता वाचतो. दुसऱ्या प्रवेशात जो दरवाजा दाद देत नव्हता तोच हा. आता निघायचं. तो निघत नाही. कारण विचारलं तर इनेसकडे बोट दाखवतो: हिच्यासाठी थांबलो. दार पुन्हा लागतं, आणि लावून घेतलं जातं ते त्याच्या संमतीने.

घातक क्षण शोधायचा असेल तर माझ्या मते तो हा आहे, मेक्सिकोची गाडी नव्हे. गाडीबद्दल वाद घालता येतो. दरवाज्याबद्दल नाही, तो प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत उघडला होता. आणि इथला भ्याडपणा गोळीच्या भीतीचा नाही. स्वतःचा निकाल स्वतः लावायची भीती आहे. तो दुसऱ्याच्या हातात देऊन त्याच्या दारात बसून राहणं आहे. यानंतर इनेस काय बोलते ते प्रसिद्धच आहे. माणसाला काय हवं होतं ते त्याच्या कृतीच ठरवतात. गार्सँ म्हणतो, मी फार लवकर मेलो, कृती करायला वेळच मिळाला नाही. ती म्हणते, माणूस नेहमी फार लवकर मरतो नाहीतर फार उशिरा. खाली रेघ ओढली गेली आहे, बेरीज करायची. तू म्हणजे तुझं आयुष्य, त्यापलीकडे काही नाही.

इथे एक धोक्याची सूचना. 'रेघ ओढली गेली' हे मेलेल्यांना लागू आहे. 1965 मध्ये या नाटकाच्या ध्वनिमुद्रणाच्या प्रस्तावनेत सार्त्रने हे स्वतः स्पष्ट केलं: ती तिघं मेलेली आहेत, आपण जिवंत आहोत, जिवंत माणूस एक कृती दुसऱ्या कृतीने बदलू शकतो. तुमचा सुपरवायझर जिवंत आहे. त्याच्यावर इनेसची वाक्यं लादलीत तर तत्त्वज्ञानही चुकेल आणि नाट्यही.

जिवंत माणसाचं काय करायचं याचे दोन नमुने सार्त्रकडेच आहेत. 'मोर्त साँ सेपुल्त्युर' (1946, ज्यांना मूठमातीही मिळाली नाही अशी माणसं) यात पकडलेले प्रतिकारसैनिक छळाची वाट बघत एका माळ्यावर बसलेले आहेत. सोर्बिए छळाखाली किंचाळतो आणि त्याला स्वतःबद्दल खात्री वाटेनाशी होते. पुढच्या खेपेला, आता बोलतो असं भासवून, तो खिडकीतून उडी टाकतो. हे शौर्य की आपण बोलून बसू या भीतीतून काढलेली पळवाट? नाटक ठरवत नाही, आणि तेच बरं. 'ले माँ साल' (1948; मळलेले हात) मधल्या ह्यूगोचं उलटं. तो पक्षनेता होडररला मारायला आलेला, दिवसचे दिवस हात उचलत नाही, आणि बायकोला त्याच्या मिठीत पाहिल्यावर गोळी झाडतो. मग हा राजकीय खून की मत्सर? ह्यूगो जिवंत असल्यामुळे त्याला शेवटी नवी कृती करून जुन्या कृतीचा अर्थ ठरवता येतो, आणि तो ठरवतो, किंमत जिवाची. हे नाटक मला 'उई क्लो'पेक्षा ढिलं वाटतं, पण तुमच्या कामाला तेच जवळचं.

आपल्याकडची एक जागाही तपासण्यासारखी आहे. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधले प्रोफेसर दामले. बेणारेच्या पोटातल्या मुलाचा बाप, आणि त्या संध्याकाळी नेमका गैरहजर. अख्ख्या नाटकात तो रंगमंचावर येत नाही. त्याचा भ्याडपणा रिकाम्या जागेने सांगितला आहे आणि तो बिनतोड आहे. पण म्हणूनच दामलेंविषयी आपल्याला प्रश्न पडत नाही, निव्वळ तिटकारा वाटतो. भ्याडाला गैरहजर ठेवला की तो निकाल बनतो. प्रश्न हवा असेल तर त्याला हजर ठेवून बोलू द्यावं लागतं. तुमचा नायक दुसऱ्या अंकात फार वेळ 'गावी' आहे, हे जरा बघा.

आता शब्दांकडे, कारण मराठीत हे सगळं शब्दावरच घसरतं. गार्सँला जो शब्द चिकटतो तो 'लाश'. फ्रेंचमध्ये सैल गाठीलाही हाच शब्द. धातू सोडून देण्याचा, ढिलं करण्याचा. त्यात भीती नाहीच, पकड सुटणं आहे. मराठीत आपण 'भित्रा' म्हणालो की मनातली भावना सांगतो, माणूस लहान मुलासारखा दिसू लागतो. 'भेकड' ही शिवी आहे, म्हणणाऱ्याचा संताप त्यात जास्त. 'पळपुटा' कृती सांगतो, पण निकालही देऊन मोकळा होतो. गार्सँला पळपुटा म्हटलं की नाटकच संपलं. 'भ्याड' त्यातल्या त्यात जवळचा, पण वर्तमानपत्रांनी 'भ्याड हल्ला' लिहून लिहून तो गुळगुळीत केला आहे. उपाय असा की निकालाच्या एका वाक्यासाठी 'भ्याड' राखून ठेवा आणि बाकी सगळीकडे क्रियापदं वापरा: कच खाल्ली, माघार घेतली, हात सोडला, शेपूट घातलं, निघून गेला. साठ पानांत 'भ्याड' हा शब्द तीनदापेक्षा जास्त आला तर मोजून काढून टाका. 'भित्रा' एकदाही नको, आईच्या तोंडीसुद्धा.

मराठीला एक फायदाही आहे. मूळ नाटकात ही माणसं आधी एकमेकांना आदरार्थी बोलतात आणि पुढे एकेरीवर येतात. निकालाच्या वेळी इनेस गार्सँला 'तू' म्हणते. इंग्रजीत हे पार पुसलं जातं, आणि इंग्रजीवरून केलेल्या रूपांतरात सगळे पहिल्यापासून 'तू' नाहीतर शेवटपर्यंत 'तुम्ही' राहतात. आपल्याला 'तुम्ही' वरून 'तू' वर येण्याची चपराक वेगळी समजावून द्यावी लागत नाही. ती कुठल्या वाक्यावर बसवायची ते आधी ठरवा आणि मग मागची पानं 'तुम्ही'त लिहा.

तुमच्या संहितेवर हे असं उतरवता येईल.

आईचा प्रवेश काढा. बालपणाचा प्रसंग फ्लॅशबॅकमध्येही नको. तो आला की कृतीला कारण मिळतं आणि नायकाला सूट.

नायकाला निघून जाण्याचं खरोखर चांगलं कारण द्या. आईचं ऑपरेशन वगैरे नको, तो योगायोग झाला. साक्ष दिली तर कारखान्याला टाळं लागेल आणि दोनशे घरं रस्त्यावर येतील, हे त्याला प्रामाणिकपणे वाटू द्या. गार्सँचा शांततावाद सोंग नाही. सोंग असतं तर त्याला तुरुंगात येरझाऱ्या घालाव्या लागल्या नसत्या. कसोटी अशी: वाचनाला बसलेल्या दहांपैकी निदान चौघांनी म्हणायला हवं की मीही निघून गेलो असतो.

मग त्या चांगल्या कारणाला छेद देणारी एकच वस्तू आणा. गार्सँच्या गोष्टीत गाडी आहे, तुमच्याकडे एसटीचं तिकीट आहे. कुणीतरी सहज विचारावं: परतीचं रिझर्वेशन केलं होतंस का? केलं असेल तर का आला नाहीस, केलं नसेल तर दोनशे घरांचा विचार कुठवर केला होतास? या प्रश्नाला दोन्हीकडून उत्तर नाही, म्हणून तो कामाचा. तिकीट पहिल्या हकिगतीत दिसू द्या, पण बोलू देऊ नका.

न्यायाधीश कोण, हे सगळ्यांत महत्त्वाचं. मृत कामगाराची बायको नको. ती दोष देईल किंवा माफ करेल, दोन्ही अपेक्षित. ज्याने स्वतः बॉयलरच्या नोंदवहीत खोटी नोंद केली तो कारकून घ्या. त्याला कच खाणं म्हणजे काय ते माहीत आहे, आणि तो स्वतःला फसवत नाही. माफी देणारं माणूस वेगळं ठेवा: बायको, धाकटा भाऊ, कुणीही, जो पहिल्या मिनिटाला म्हणेल, "तुझं बरोबरच होतं." नायकाने ते ऐकून चिडलं पाहिजे.

आणि दरवाजा. तुमच्याकडे तो आयता आहे, फक्त खर्ड्यात वापरलेला नाही: कोर्टाची पुढची तारीख. साक्षीदार आला नाही म्हणून खटला बंद पडत नाही, तारीख पडते. ही बातमी दुसऱ्या अंकाच्या मध्यावर, नायक "मला एक संधी मिळाली असती तर" असं तावातावाने बोलत असताना आली पाहिजे. बोलणं तोंडात असतानाच. त्यानंतर किमान आठ-दहा सेकंद कुणी बोलू नये. मग तो जे करेल तेच नाटक. तो गेला नाही आणि कारकुनाला पटवत बसला, तर गार्सँ. गेला आणि साक्ष फसली, तर ह्यूगोच्या वाटेने जाणारं काहीतरी. दोन्ही चालतील. गळफास चालणार नाही. आत्महत्येने प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखं वाटतं, आणि नाटककाराने पळ काढल्यासारखं.

तालमीत एकच खबरदारी. नटाला 'भीती' खेळायला देऊ नका. त्याला युक्तिवाद खेळायला द्या, वकिलासारखा, आणि शरीराची एकच खोड ठरवा जिची पात्राला जाणीव नाही. डोळे चोरणं, घशाला कोरड, कपाळ पुसणं ही सगळी भित्रेपणाची पोतडी बाजूला. दुसऱ्या अंकात आवाज वाढवण्याचा मोह प्रत्येक नटाला होतो. उलट कारण जितकं लंगडं तितका आवाज समंजस ठेवायला सांगा.

शेवट करताना हळूहळू अंधार आणू नका. 'उई क्लो'त एस्तेल त्या सुरीने इनेसवर वार करते, मेलेलीला काय होणार, तिघंही हसत सुटतात, हसू विरतं, आणि गार्सँ म्हणतो, "बरं, चला पुढे." तिथे पडदा पडतो, त्या खोलीत दिवा विझतच नाही, त्यामुळे मंद होत जाणारा प्रकाश हा तिथे चक्क खोटेपणा ठरेल. तुमच्या नाटकाला पडदा नसेल तर रंगमंचावरचा प्रकाश आहे तसा ठेवा, प्रेक्षागृहातले दिवे लावा, आणि नटांना हलू देऊ नका. लोक उठायला लागले की दोन मिनिटांनी नटांना विंगेत घ्या.